या चुका टाळा: रिटर्न भरण्याआधी सरकारकडची वही वाचा

जुलै संपत आला की ऑफिसात येणारा जवळपास प्रत्येक पगारदार एकच वाक्य बोलतो, "फॉर्म सोळा आणलाय, तेवढं भरून टाका." हिशेबाच्या आणि कराच्या कामात केस पांढरे झाल्यावर माझं मत असं झालंय, की बऱ्याचशा नोटिसांचं मूळ या 'तेवढं'मध्ये असतं.

फॉर्म सोळा ही फक्त तुमच्या मालकाने लिहिलेली, पगाराची आणि कापलेल्या कराची वही. तुमची बँक, म्युच्युअल फंड, शेअर दलाल, घराची नोंदणी करणारं दुय्यम निबंधक कार्यालय, क्रेडिट कार्डवाले हे सगळे आपापल्या वहीतली पानं प्राप्तिकर खात्याला परस्पर पाठवत असतात. बचत खात्यात वर्षभरात १० लाख किंवा जास्त रोकड भरली, कार्डाची १० लाखांवर बिलं चुकवली, ३० लाख किंवा त्यापुढची मालमत्ता घेतली अथवा विकली, की नोंद तिकडे जाते. मोठ्या रकमाच जातात असं नाही. बचत खात्यावरचं चारशे रुपये व्याज आणि शेअरवरचा सत्तर रुपये लाभांशही तिथे दिसतो. नोव्हेंबर २०२१ पासून ही एकत्रित वही प्राप्तिकर खातं आपल्या पोर्टलवर तुम्हालाही दाखवतं. तिचं नाव एआयएस, म्हणजे वार्षिक माहिती विवरण. ती न उघडता रिटर्न भरणं म्हणजे पेपर तपासणाऱ्याच्या हातात उत्तरं आहेत हे ठाऊक असताना अंदाजपंचे दाहोदरसे लिहून येणं.

ही वहीही चुकते, हे लक्षात ठेवा. नेहमीचा घोळ जोडनावाच्या ठेवींचा. पैसे आईचे, पण बँकेत धावपळ नको म्हणून मुलाने पहिलं नाव स्वतःचं घातलं. सगळं व्याज मुलाच्या पॅनवर चढतं. अशा वेळी गप्प बसू नका आणि नुसतं वगळूही नका. त्या नोंदीसमोरच अभिप्राय द्यायची सोय आहे: माहिती दुसऱ्या पॅनची आहे, दुबार आली आहे, रक्कम बरोबर नाही वगैरे. तो नोंदवा, पावती जपून ठेवा आणि आईच्या रिटर्नमध्ये ते व्याज दाखवा. पुढच्या नूतनीकरणाला ठेवीवरची नावंही बदलून घ्या, नाहीतर दरवर्षी हेच.

दोन नोकऱ्या, दोन शून्यं

वर्षाच्या मध्ये नोकरी बदलणाऱ्यांची ही हमखास चूक. समजा २०२५-२६ मध्ये पहिल्या कंपनीत ७ लाख पगार मिळाला, दुसरीत ८ लाख. नव्या करप्रणालीत प्रत्येक कंपनी आपल्यापुरता हिशेब करते, ७५,००० ची प्रमाणित (पगारदाराला सरसकट मिळणारी) वजावट देते, उत्पन्न १२ लाखांच्या आत म्हणून सवलतही देते. दोन्ही फॉर्म सोळांवर कर शून्य. माणूस खूश.

आता एकत्र करा. १५ लाखांतून ७५,००० एकदाच वजा होतात, उरले १४.२५ लाख. पहिल्या ४ लाखांवर काही नाही, पुढच्या चारांवर ५ टक्के म्हणजे २०,०००, त्यापुढच्या चारांवर १० टक्के म्हणजे ४०,०००, राहिलेल्या सव्वादोन लाखांवर १५ टक्के म्हणजे ३३,७५०. बेरीज ९३,७५०, वर ४ टक्के सेस, म्हणजे करावरचा उपकर. एकूण ९७,५०० रुपये, आणि आगाऊ कर (वर्ष चालू असतानाच भरायचा कर) भरला नाही म्हणून दरमहा एक टक्क्याचं व्याज वेगळं. जुलैत हा आकडा सांगितला की समोरचा माणूस माझ्याकडे असा बघतो, जणू कर मीच लावलाय. उपाय साधा होता: नव्या कंपनीच्या पहिल्याच आठवड्यात जुन्या पगाराचा आणि कापलेल्या कराचा तपशील एचआरला लेखी द्यायचा. कर दर महिन्याला थोडा थोडा कापला गेला असता.

बारा लाखांच्या आत आहे, मग कर कसा?

'१२ लाखांपर्यंत कर नाही' हे वाक्य अर्धवट ऐकलेलं आहे. उत्पन्न १२ लाखांच्या आत असेल तर ६०,००० पर्यंतची सवलत मिळते, पण ती नेहमीच्या टप्प्यांनी बसणाऱ्या करावर. शेअर बाजारातल्या अल्पकालीन नफ्यावर २० टक्के हा वेगळा दर आहे आणि त्याला ही सवलत लागत नाही. वजावटीनंतरचा पगार ८ लाख आणि शेअरचा अल्पकालीन नफा १ लाख असला, तर एकूण ९ लाखच; तरी सेससकट २०,८०० रुपये भरावेच लागतात. फ्यूचर्स-ऑप्शन्स (शेअरचे वायदे) करणाऱ्यांचा प्रकार आणखी निराळा. ते धंद्याचं उत्पन्न धरलं जातं आणि तोटा झाला तरी दाखवायचा असतो. उलट मुदतीत दाखवला तरच तो पुढच्या वर्षी ओढता येतो. लाज वाटते म्हणून तोटा लपवणारी माणसं मी पाहिली आहेत!

मुदत ठेवीचं तसंच. बँकेने टीडीएस (व्याज देतानाच कापायचा कर) कापला नाही म्हणजे व्याज करमुक्त झालं असं नाही. आणि कापला, तरी तो १० टक्केच; तुम्ही ३० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर उरलेला तुम्हीच भरायचा. अल्पवयीन मुलाच्या नावावर ठेव केली, तर तिचं व्याज बहुतेक वेळा आईवडिलांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त त्याच्या उत्पन्नात मिसळतं.

फ्लॅट घेताना

५० लाख किंवा त्याहून जास्त किमतीचं घर घेणाऱ्याने विकणाऱ्याच्या रकमेतून १ टक्का कापून सरकारकडे भरायचा असतो, आणि तो त्यासाठीच्या ऑनलाइन फॉर्मने. नवराबायको मिळून घेणार आणि दोन भाऊ मिळून विकणार, तर एक फॉर्म चालत नाही. दोन गुणिले दोन, चार लागतात. बँकेने कर्जाचा हप्ता परस्पर बिल्डरला दिला, तरी कापायची जबाबदारी तुमचीच. पैसे दिले त्या महिन्याच्या अखेरीपासून ३० दिवसांची मुदत असते, उशिराला दिवसाला २०० रुपये.

विकणारा परदेशी राहणारा असेल तर थांबा. पुण्यात हे फार होतं: मुलगा अमेरिकेत स्थायिक, कोथरूडचा फ्लॅट विकायला काढलेला. तिथे १ टक्का लागू नाही. भांडवली नफ्याच्या दराने, अधिभार आणि सेस धरून कापावा लागतो, आणि रक्कम कमी करायची तर विकणाऱ्याने खात्याकडून तसा दाखला आधी आणायचा असतो. घेणाऱ्याने भिडेखातर १ टक्काच कापला, तर उरलेली वसुली त्याच्या गळ्यात.

ईमेल कोणाचा आहे?

आकड्यांपेक्षा महाग पडणारी चूक ही. एक किराणा दुकानदार आले, बँक खातं गोठल्याची तक्रार घेऊन. पोर्टल उघडलं तर दीड वर्षात चार नोटिसा, एकीलाही उत्तर नाही. कारण नोंदलेला ईमेल आणि मोबाइल दोन्ही आधीच्या हिशेबनिसाचे होते, त्यांनी काम सोडून दिलं होतं. आताशा प्राप्तिकराच्या बहुतेक तपासण्या चेहरा न बघता होतात, दारात कोणी येत नाही. उत्तर आलं नाही की अधिकारी समोर असलेल्या कागदांवरून एकतर्फी आकारणी करून मोकळा होतो.

प्राप्तिकर आणि जीएसटी, दोन्ही पोर्टलवर प्राथमिक ईमेल आणि मोबाइल तुमचाच ठेवा. सीएचा दुय्यम म्हणून घाला. पासवर्ड तुमच्याकडेही असू द्या. महिन्यातून एकदा आत जाऊन प्रलंबित कार्यवाही बघा. यावर कोणी सल्लागार नाराज झाला, तर मी म्हणेन सल्लागारच बदला.

गल्ल्यातले पैसे

छोट्या धंद्यात सगळ्या दुखण्यांचं मूळ म्हणजे घर आणि दुकान एकाच खात्यावर चालणं. मुलीची फी, किराणा, पार्टीचं पेमेंट, एलआयसीचा हप्ता सगळं एकाच स्टेटमेंटमध्ये. मार्चअखेर प्रत्येक नोंदीपुढे "हे कशाचं?" विचारत बसावं लागतं आणि आठवत कोणालाच नाही. चालू खातं वेगळं काढा, घरखर्चाला दरमहा ठरावीक उचल घ्या.

रोखीचे तीन आकडे भिंतीवर लिहून ठेवण्यासारखे आहेत. एका माणसाला एका दिवसात १०,००० पेक्षा जास्त रोख दिली, तर तो खर्च धरला जात नाही (गाडीभाड्याला ही मर्यादा ३५,००० आहे). कर्ज किंवा ठेव २०,००० किंवा जास्त असेल तर रोख घ्यायची नाही, मेहुण्याकडूनसुद्धा नाही. आणि एका माणसाकडून एका दिवसात, एका व्यवहारात किंवा एका समारंभापोटी २ लाख किंवा जास्त रोख स्वीकारायची नाही. केटरर आणि मंडपवाले इथे अडकतात. हळदीचे ऐंशी हजार, लग्नाचे नव्वद, पूजेचे पन्नास अशी वेगवेगळ्या दिवशीची वेगळी बिलं केली तरी लग्न एकच. शेवटच्या दोन चुकांत दंड घेतलेल्या रकमेएवढा होऊ शकतो.

उधारीचंही बघा. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचं वा सेवा देणाऱ्याचं बिल लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकवावं लागतं. नाहीतर तो खर्च त्या वर्षी मिळत नाही, प्रत्यक्ष पैसे द्याल त्या वर्षी मिळतो. कापडाच्या धंद्यात तीन-तीन महिन्यांची उधारी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. २०२३-२४ पासून ती नफा फुगवते आणि कर वाढवते. व्यापाऱ्याकडून घेतलेल्या मालाला हा नियम नाही, म्हणून पुरवठादाराचा उद्यम दाखला मागून ठेवा.

ऑडिटबद्दल एकच सांगतो. धंद्याची उलाढाल १ कोटीच्या वर गेली की ऑडिट लागतं; येणंजाणं दोन्हींत रोख ५ टक्क्यांच्या आत असेल तर मर्यादा १० कोटी. पण ऑडिटर सप्टेंबरात येतो आणि माल मोजायचा असतो ३१ मार्चला. त्या संध्याकाळी शटर ओढून मोजणी केली नाही, तर पुढे लिहिलेली यादी ही कादंबरी असते.

जीएसटी: बिल हातात आहे म्हणून क्रेडिट मिळतं असं नाही

खरेदीवर दिलेला जीएसटी आपल्या देण्यातून वजा करणं म्हणजे क्रेडिट. इथेही सरकारकडची वही वेगळी आहे, ती म्हणजे जीएसटीआर-२बी. दर महिन्याच्या १४ तारखेला तयार होते. पुरवठादाराने तुमचं बिल त्याच्या रिटर्नमध्ये घातलं नसेल, तर तुमच्या हातातल्या पक्क्या बिलाचा क्रेडिटपुरता उपयोग नाही. २० तारखेला ३बी हे महिन्याचं रिटर्न भरताना धावण्यापेक्षा १५ला जुळवणी करा आणि न दिसणाऱ्या बिलांसाठी फोन लावा. माझा सल्ला जरा कडक आहे: वारंवार चुकवणाऱ्या पुरवठादाराची जीएसटीची रक्कम बिल दिसेपर्यंत रोखून ठेवा. मात्र १८० दिवसांत पूर्ण पैसे दिले नाहीत तर घेतलेलं क्रेडिट व्याजासह परत करावं लागतं, तेही विसरू नका.

गोव्याच्या हॉटेलचं बिल हा माझा आवडता किस्सा. पुण्याची कंपनी पणजीत बैठक घेते, खोल्यांच्या बिलावर कंपनीचा जीएसटी नंबर नीट घातलेला, हिशेबनीस क्रेडिट घेतो. पण हॉटेलच्या मुक्कामाला पुरवठ्याचं ठिकाण म्हणजे जिथे इमारत आहे ते. कर लागतो केंद्राचा आणि गोवा राज्याचा. महाराष्ट्रातल्या नोंदणीवर त्याचं क्रेडिट मिळत नाही. ते सरळ खर्चात टाका.

गोव्याचा विषय निघालाच आहे तर: तिथल्या पोर्तुगीज नागरी कायद्याखाली येणाऱ्या नवराबायकोचं पगार सोडून बाकीचं उत्पन्न दोघांत निम्मं निम्मं धरलं जातं. घरभाडं पतीच्या खात्यात येतं म्हणून सगळं त्याच्याच रिटर्नमध्ये दाखवणं चूक. ही विभागणी दाखवायला वेगळी अनुसूची आहे आणि ती 'सहज' या रिटर्नच्या सोप्या फॉर्ममध्ये नाही.

धंदा बंद पडला म्हणून जीएसटी रिटर्न थांबवू नका. शून्य उलाढालीलाही दिवसाला २० रुपये विलंब शुल्क चढतं. आधी नोंदणी रद्द करा. महाराष्ट्रात व्यवसाय कराची वर्षाची २,५०० ची पट्टीही अशीच विसरली जाते. भागीदारीत ती प्रत्येक भागीदाराला वेगळी असते.

आता नोटीस आलीच असेल तर

आधी ती खरी आहे का बघा. १ ऑक्टोबर २०१९ पासून खात्याच्या पत्रांवर दस्तऐवज क्रमांक असतो आणि तो पोर्टलवर लॉगिन न करता तपासता येतो. 'रिफंड मंजूर, इथे खातं नंबर भरा' असा मेसेज आला तर सोडून द्या.

रिटर्न भरल्यावर येणारी प्रक्रियेची सूचना ही बहुतेकदा नोटीस नसतेच. तिच्यात दोन रकाने असतात, तुम्ही सांगितलेलं आणि खात्याने मोजलेलं. फरक कुठल्या ओळीत आहे ते शोधा. चूक त्यांची असेल तर दुरुस्तीचा अर्ज ऑनलाइन करा. रिटर्न सदोष असल्याचं पत्र असेल तर साधारण १५ दिवसांत सुधारून द्या. आणि रिटर्न भरून ३० दिवसांत आधार ओटीपीने पडताळणी केली नसेल, तर मुदतीत भरलेलं रिटर्न उशिरा भरल्यासारखं धरलं जातं.

मागच्या वर्षांचं उत्पन्न दाखवायचं राहून गेलं असेल, तर अद्ययावत रिटर्नची वाट चार वर्षांपर्यंत उघडी आहे. आकारणी वर्ष (उत्पन्नाच्या वर्षानंतरचं वर्ष) संपल्यापासून पहिल्या बारा महिन्यांत भरलं तर कर आणि व्याजावर २५ टक्के जादा, दुसऱ्या वर्षी ५०, तिसऱ्या वर्षी ६०, चौथ्या वर्षी ७०. त्यात रिफंड मात्र मागता येत नाही.