डोक्याला मार लागून महिने उलटले, आणि आता मन खचत चाललंय

जिन्यावरून पडले तेव्हा डोक्याला सात टाके पडले. चौथ्या महिन्यात ती खूण केसांखाली दिसेनाशी झाली, लोक म्हणायला लागले, "आता बरी दिसतेस गं." नेमकी तेव्हापासून मी खचत गेले. एका सकाळी नळ सुरू, हातात साबण लावलेला कप, आणि पुढे काय करायचं तेच सुचेना. ताईने येऊन नळ बंद करेपर्यंत मी तशीच उभी होते. रडू येत नव्हतं. आत काहीच नव्हतं.

तुमचं असं होत असेल तर आधी हे ऐका: तुम्ही मनाने कमकुवत नाही. २०१० साली एक मोठा अमेरिकन अभ्यास प्रसिद्ध झाला. मेंदूला मार लागून हॉस्पिटलात दाखल झालेल्यांपैकी निम्म्याहून जास्त जणांना पहिल्या वर्षात गंभीर नैराश्य आलं, असं त्यात दिसलं. मार बसताना मेंदूचा पुढचा आणि कानशिलाजवळचा भाग कवटीच्या आतल्या खडबडीत हाडावर घासला जातो. उत्साह, भावना, सुरुवात करण्याची ताकद यांचा त्या भागाशी जवळचा संबंध आहे. शिवाय माराने ताणले गेलेले मेंदूतले बारीक तंतू सीटी स्कॅनमध्ये बहुतेकदा दिसत नाहीत. माझा रिपोर्ट नॉर्मल होता, म्हणून मी दोन महिने स्वतःलाच दोष देत बसले. ते दोन महिने वाया गेले याचं मला आजही वाईट वाटतं.

एक गोष्ट मात्र आधी तपासा. डोकेदुखी दिवसेंदिवस वाढतेय, गुंगी येतेय, उलट्या होतायत, बोलताना शब्द अडखळतायत, एका बाजूचा हात किंवा पाय जड पडतोय, फिट आली, यातलं काहीही असेल तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, सरळ इमर्जन्सीत जा. डोक्यात हळूहळू साठणारं रक्त काही आठवड्यांनीही त्रास देऊ शकतं. वय जास्त असेल किंवा रक्त पातळ करणारी गोळी सुरू असेल तर अधिकच.

मग एक वही घ्या. माझ्या वहीत रोज चारच गोष्टी असायच्या: किती तास झोपले, डोकं किती दुखलं, मन कसं होतं (दहापैकी), आणि दिवसभरात सगळ्यात जड काम कोणतं केलं. तीन आठवड्यांनी ताईने पानं उलटली आणि म्हणाली, "तू ज्या दिवशी खूप काम करतेस ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी मन दोनवर येतं." मला ते कधीच दिसलं नसतं. बरं वाटलं की मी साठलेलं सगळं उरकायला घ्यायचे आणि पुढचे दोन दिवस अंधारात पडून राहायचे.

म्हणून आता थकायच्या आधी थांबते. वीस मिनिटांचा गजर लावते, काम अर्धं असलं तरी ठेवते, दहा मिनिटं डोळे मिटून बसते. पण नुसती विश्रांतीही घातक. माझा अंदाज असा: पडून राहिल्यावर हलकं वाटलं तर तो मेंदूचा थकवा, दिवसभर झोपूनही कशातच जीव रमत नसेल तर ते नैराश्य. अशा दिवशी मूडची वाट न बघता ठरलेली एक छोटी गोष्ट करायची. माझी होती दारापर्यंत जाऊन चप्पल घालणं. पुढे चालणं झालं तर झालं.

डॉक्टरकडे एकट्याने जाऊ नका. तिथे आठवत नाही आणि "बरी आहे" असं तोंडातून निघून जातं. वही आणि सगळ्या गोळ्यांची यादी बरोबर न्या. फिट येऊ नये म्हणून दिली जाणारी लेव्हेटिरासेटॅम काही जणांमध्ये चिडचिड आणि नैराश्य वाढवते. मला तीच सुरू होती, डॉक्टरांनी ती हळूहळू बदलली. मनाने मात्र बंद करू नका, एकदम सोडली तर फिट येऊ शकते. थायरॉइड, सोडियम, बी-१२ तपासायचं का, तेही विचारा. माराने मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युइटरी ग्रंथी दुखावली तर हार्मोन्स कमी पडतात आणि ते हुबेहूब नैराश्यासारखं दिसतं. नैराश्याची गोळी सुरू केली तर सहसा कमी डोसपासून, आणि फरक जाणवायला चार ते सहा आठवडे जातात. समुपदेशकाला सांगा की सत्र छोटं ठेवा आणि ठरलेलं कागदावर लिहून द्या. दारू पूर्ण बंद.

आता सगळ्यात अवघड भाग. "मी नसते तर बरं" हा विचार मला आला होता. तो आला की बोलायला शब्द सापडत नाहीत, म्हणून आम्ही बऱ्या दिवशी एक वाक्य ठरवून ठेवलं: "आज मला एकटीला राहायचं नाही." एवढं म्हटलं की ताई काही न विचारता येऊन बसते. गोळ्या तिच्याकडे असतात, मला रोजच्या रोज देते. विचार थांबत नसतील तर त्याच वेळी इमर्जन्सीत जा. भारतात असाल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास सुरू असतो. आणि घरच्यांनो, स्पष्ट विचारा: "जीव द्यावासा वाटतोय का?" विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जात नाही. ताईने विचारलं त्या रात्री मी कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा रडले, आणि ती सकाळपर्यंत माझ्या खोलीतच झोपली.