असिंक टास्क लावताय? आधी क्यूचा आकडा बघा

युजरने ‘रिपोर्ट काढा’ दाबलं आणि पीडीएफ बनून मेल जाईपर्यंत तो बिचारा गोल फिरणारं चक्र बघत बसला, असं होत असेल तर ते काम बॅकग्राउंडला टाका. यालाच असिंक म्हणतात. जावाच्या स्प्रिंग बूट फ्रेमवर्कमध्ये कसं ते सांगतो.

सुरुवात सोपी आहे. कॉन्फिग क्लासवर ‘इनेबल असिंक’ हे अ‍ॅनोटेशन लावायचं, मेथडवर ‘असिंक’. पण ती मेथड त्याच क्लासमधल्या दुसऱ्या मेथडमधून थेट बोलावलीत तर काहीच असिंक होत नाही, कारण काम दुसऱ्या थ्रेडकडे (वेगळ्या समांतर धाग्याकडे) पाठवणारा स्प्रिंगचा मधला प्रॉक्सी बायपास होतो. एररही येत नाही हो, गुपचूप सगळं जुन्याच थ्रेडवर चालतं. म्हणून ती वेगळ्या सर्व्हिसमध्ये ठेवा.

आता पूल, म्हणजे ही कामं करणाऱ्या थ्रेडचा संच. काही सेट केलं नाही तर स्प्रिंग बूट कोअर (नेहमीचे) थ्रेड ८ धरतं आणि क्यू, म्हणजे थांबलेल्या कामांची रांग, जवळपास अमर्याद, २१४७४८३६४७. खरी गोची इथेच. मी एकदा मॅक्स साइझ (जास्तीत जास्त थ्रेड) ५० केली आणि निवांत झालो, तरी कामं तुंबलेलीच, अर्धा दिवस सर्व्हरला शिव्या घातल्या तेव्हा कळलं की कोअरच्या वरचे थ्रेड क्यू भरल्यावरच तयार होतात. आणि ती क्यू भरणार कधी, तर कधीच नाही!

म्हणून थ्रेडपूल टास्क एक्झिक्युटरचा स्वतःचा बीन (स्प्रिंग सांभाळतं ते ऑब्जेक्ट) बनवा आणि तिन्ही आकडे स्वतः द्या. समजा कोअर ४, मॅक्स १०, क्यू ५०, आणि कामं लांबलचक आहेत. पहिल्या ४ कामांना लगेच थ्रेड मिळतो, पुढची ५० रांगेत बसतात, ५५ व्या कामाला पाचवा थ्रेड उघडतो आणि ६१ वं काम सरळ रिजेक्ट. ते हरवू नये म्हणून रिजेक्शन पॉलिसी ‘कॉलर रन्स’ ठेवा, म्हणजे ज्याने काम दिलं त्याच थ्रेडला ते करावं लागतं, थोडं स्लो होतं पण काम जात नाही.

मॅक्स वाढवताना डेटाबेसकडेही बघा. हिकारी, म्हणजे डेटाबेसची कनेक्शन सांभाळणारी लायब्ररी, तिचा कनेक्शन पूल डीफॉल्ट १० चा असतो. ५० थ्रेड त्यावर तुटून पडले की बाकीचे कनेक्शनची वाट बघत बसतात आणि ३० सेकंदांनी टाइमआउट खातात, त्यात तुमचे साधे लॉगिनवालेही अडकतात.

मेथड व्हॉइड (काहीच परत न देणारी) असेल तर एक्सेप्शन, म्हणजे आतली एरर, कॉल करणाऱ्यापर्यंत येत नाही, फक्त लॉगमध्ये पडतं, त्यामुळे अलर्ट हवा असेल तर असिंक एक्सेप्शन हँडलर लिहा, नाहीतर कम्प्लिटेबल फ्यूचर (निकाल किंवा एरर नंतर हाती देणारं ऑब्जेक्ट) रिटर्न करा. डिप्लॉयच्या वेळी अर्धवट कामं मरू नयेत म्हणून शटडाउनला थांबायची सेटिंग ट्रू करून ३० सेकंद द्या.

शेवटी थ्रेडच्या नावाला ‘रिपोर्ट-’ असा प्रीफिक्स देऊन एक रिपोर्ट काढून बघा. लॉगमध्ये ‘रिपोर्ट-१’ दिसलं तर जमलं, रिक्वेस्टच्याच थ्रेडचं नाव दिसलं तर प्रॉक्सीवाली चूक झालीय.