एनर्जीप्लसमध्ये साताऱ्याचा हवामान डेटा: दुपारनंतर ऊन शून्य

लक्षण: एनर्जीप्लस (इमारतीच्या ऊर्जावापराचं गणित मांडणारं सॉफ्टवेअर) मधलं सिम्युलेशन विनातक्रार चालतं, पण पश्चिमेच्या खिडकीवर दुपारी थेट ऊन पडतच नाही. क्षितिजसमांतर प्रारण (आडव्या पृष्ठभागावर पडणारं ऊन) सकाळी सातच्या सुमारास सर्वाधिक.

आधी मटेरियल तपासलं, इमारतीची दिशा फिरवून पाहिली. मग ईपीडब्ल्यू फाइलच्या (एनर्जीप्लसला दिलेल्या तासागणिक हवामान डेटाच्या फाइलच्या) पहिल्या ओळीत टाइम झोन ० केला. ऊन जागेवर आलं, पण माणसांच्या वावराचं वेळापत्रक साडेपाच तास सरकलं. चार रात्री वाया गेल्या.

कारण: फाइलमधला उपग्रहाचा डेटा यूटीसी वेळेत (जागतिक प्रमाणवेळेत, भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे) होता.

आता क्रम. २९ फेब्रुवारी काढून वर्षाच्या ८७६० ओळी (दर तासाला एक) ठेवा. शेवटच्या ६ ओळी सुरुवातीला चिकटवा. वेळेतला फरक साडेपाच तासांचा आहे, पूर्ण तासांचा नाही, म्हणून भारतीय वेळेच्या प्रत्येक तासासाठी यूटीसीच्या दोन लगतच्या ओळींची सरासरी घ्या: बाराव्या तासाला सहावी आणि सातवी. वाऱ्याच्या दिशेची सरासरी मात्र कधीच नको. ३५० आणि १० अंशांची १८० येते, म्हणजे उत्तरेचा वारा थेट दक्षिणेचा! तिथे एकच ओळ घ्या. तारीख-तासाचे रकाने नव्याने भरा. वरच्या ८ शीर्षक ओळी तशाच ठेवून पहिलीत अक्षांश १७.६८, रेखांश ७४.०, टाइम झोन ५.५ लिहा.

पुन्हा चालवल्यावर प्रारणाचं शिखर साडेबाराच्या आसपास आलं.