किती रुपयांची, हे नंतर. आधी तारीख बघा

माझ्या हाताखाली तीन वर्षं काम केलेली एक डॉक्टर मुलगी आता स्वतःचं दहा खाटांचं प्रसूतिगृह काढते आहे. परवा तिचा फोन आला, "मॅडम, इन्डेम्निटी किती रुपयांची काढू?" म्हणजे पेशंटने भरपाई मागितली तर ती भरणारा डॉक्टरांचा विमा. नवीन दवाखाना काढणारे बहुतेक जण हेच विचारतात, मीही विचारलं होतं. पण रकमेच्या आधी पॉलिसीवरची एक तारीख बघायची असते. ती न बघितल्याने काय होतं ते मी भोगलंय, म्हणून सविस्तर लिहिते.

डॉक्टरांना मिळणारी प्रोफेशनल इन्डेम्निटी आपल्याकडे बहुतेक वेळा 'क्लेम्स मेड' पद्धतीची असते. उपचार केले त्या दिवशी पॉलिसी चालू होती, एवढं पुरत नाही. तक्रार येईल त्या दिवशीही ती चालू हवी, शिवाय तो उपचार पॉलिसीत लिहिलेल्या 'रेट्रोॲक्टिव्ह डेट'नंतरचा हवा. पहिली पॉलिसी घेता तेव्हा तिचा पहिला दिवस हीच सहसा ही तारीख. खंड न पाडता नूतनीकरण करत राहिलात तर ती तिथेच राहते आणि मागची सगळी वर्षं संरक्षणात येतात. हप्ता चुकला, किंवा कंपनी बदलताना जुनी तारीख पुढे नेली नाही, की मागचं सगळं उघडं पडतं.

माझ्या बाबतीत हेच झालं. ऑगस्ट २०१६ मध्ये एक बाई दुसऱ्या खेपेला माझ्याकडे बाळंत झाली. बाळ छान रडलं, वार पडली आणि पाच मिनिटांत रक्तस्राव सुरू झाला. इंजेक्शनं दिली, मसाज केला, गर्भाशय काही आकसेना. पंढरपूरहून सोलापूरला ॲम्ब्युलन्समध्ये मी स्वतः सोबत गेले, वाटभर तिच्या ओटीपोटावर हात दाबून. तिथे गर्भाशय काढावं लागलं, पण बाई वाचली. पुढच्या वर्षी एजंटने दुसऱ्या कंपनीची पॉलिसी दाखवली, प्रीमियम दोन हजारांनी कमी. मी सही केली. जुलै २०१८ मध्ये ग्राहक मंचाची नोटीस आली. जुनी कंपनी म्हणाली, तुमची पॉलिसी संपली. नवी म्हणाली, आमची रेट्रो डेट २०१७ची, घटना त्याआधीची. दोघांचंही कागदावर बरोबर होतं. चार वर्षं वकिलाची फी मी खिशातून भरली.

ग्राहक कायद्यात तक्रारीची मुदत दोन वर्षं आहे आणि सबळ कारण असेल तर ग्राहक आयोग (पूर्वीचा ग्राहक मंच) उशीरही माफ करू शकतो. त्यामुळे कंपनी बदलायचीच असेल तर नव्या पॉलिसीच्या शेड्यूलवर, म्हणजे तपशिलाच्या पानावर, जुनी रेट्रो डेट छापून आल्याशिवाय पैसे देऊ नका. एजंटच्या तोंडी शब्दावर राहू नका, व्हॉट्सॲपवरच्या मेसेजवरही नाही.

आता रक्कम. ऑगस्ट १९९६ मध्ये चेन्नईच्या एका सरकारी रुग्णालयात अपुऱ्या दिवसांची एक मुलगी जन्मली. तिच्या डोळ्यांच्या पडद्याची तपासणी झाली नाही आणि तिची दृष्टी गेली. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली तिला सुमारे १ कोटी ८० लाख रुपये मंजूर केले. उपचारांचा पुढचा खर्च धरताना दरवर्षीची महागाईसुद्धा हिशेबात घेतली. बाळंतपणं करणाऱ्याने हा निकाल मनात ठेवूनच आकडा ठरवावा. २०१९च्या नव्या ग्राहक कायद्यानंतर आणखी एक गोष्ट बदलली: प्रकरण कुठल्या आयोगापुढे जाणार हे मागितलेल्या भरपाईवरून नाही, पेशंटने भरलेल्या बिलावरून ठरतं. तीस हजारांच्या बिलावर जिल्हा आयोगात कोटीची मागणी होऊ शकते, आणि एवढ्या बिलाला तक्रारीचं शुल्कही लागत नाही. माझ्या मते प्रसूतिगृहाला एक कोटीच्या खाली जाऊ नये.

पण 'एक कोटी' ऐकून थांबू नका, त्याच्यापुढचं गुणोत्तर विचारा. १:१ असेल तर एकाच प्रकरणात पूर्ण कोटी मिळू शकतो. १:४ असेल तर एका प्रकरणाला जास्तीत जास्त पंचवीस लाख, आणि कोटी ही वर्षभराची एकूण मर्यादा. स्वस्त पॉलिसी बऱ्याचदा इथेच स्वस्त झालेली असते. आपल्याला वर्षाला चार खटल्यांची नाही, एका मोठ्या खटल्याची भीती असते, म्हणून १:१ घ्या. वकिलाचा खर्च या रकमेतूनच जातो का, आणि सुरुवातीचे किती पैसे आपण भरायचे, हेही लेखी घ्या.

तुमची वैयक्तिक पॉलिसी तुमच्या हातून झालेल्या उपचारापुरती. व्हिजिटिंग भूलतज्ज्ञाची चूक झाली तरी तक्रारीत दवाखान्याचं नाव येतंच. म्हणून दवाखान्याची वेगळी पॉलिसी काढा आणि येणाऱ्या प्रत्येक कन्सल्टंटकडून त्याच्या पॉलिसीची प्रत दरवर्षी फाइलला लावा. प्रपोजल फॉर्मवर खाटा, ओपीडी, सिझेरियन, दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया, सगळं खरं भरा. प्रशिक्षण न घेतलेल्या मावशी आणि वॉर्डबॉय यांच्यासाठी बहुतेक कंपन्या जादा प्रीमियम घेतात, तो द्या. रात्रीचा आरएमओ, म्हणजे निवासी डॉक्टर, ज्या पॅथीचा आहे ती स्पष्ट लिहा. होमिओपॅथीची पदवी असताना ॲलोपॅथीची औषधं देणं हाच निष्काळजीपणा, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९६ सालीच ठरवलं आहे. फॉर्मवर झाकलेली गोष्ट क्लेमच्या वेळी कंपनीच सगळ्यात आधी शोधते.

फौजदारी शिक्षा आणि दंड कुठलीच पॉलिसी भरत नाही. नशेत केलेले उपचारही नाहीत. कॉस्मेटिक शस्त्रक्रिया बऱ्याच ठिकाणी वगळलेल्या असतात.

नोटीस आली तर त्याच दिवशी कंपनीला ईमेल करा. आयोगापुढे लेखी म्हणणं मांडायला तीस दिवस मिळतात, फार तर आणखी पंधरा, त्यापुढे एकही नाही. नातेवाइकांशी परस्पर तडजोड करू नका, कंपनीच्या संमतीशिवाय दिलेले पैसे परत मिळत नाहीत. आणि केसपेपर जसा आहे तसाच ठेवा. माझ्याविरुद्धची तक्रार शेवटी फेटाळली गेली ती केसपेपरमुळे. प्रत्येक इंजेक्शनपुढे सिस्टरने घड्याळ बघून वेळ टाकली होती, रात्री २.१०, २.१४, २.२०, आणि २.३५ला ॲम्ब्युलन्स निघाल्याची नोंद. एकही खाडाखोड नव्हती.

त्या डॉक्टर मुलीच्या प्रसूतिगृहाचं उद्घाटन पाडव्याला आहे. मी तिला सांगितलंय, पॉलिसी पाडव्यापासून नको, आठ दिवस आधीपासून घे. माझी पहिली बाई उद्घाटनाच्या आदल्या रात्री अकराला, कळा सुरू झालेल्या अवस्थेत, रिक्षातून उतरली होती. लेबर रूममध्ये तेव्हा नुसतं टेबल होतं आणि भिंतींना ओल्या रंगाचा वास येत होता.