बर्फावर मासे धरताना जिवंत मिन्नो गळाला कसा लावायचा (बडोद्याहून हिवाळ्यात मिनेसोटाला जाणाऱ्यांसाठी)

आपल्या बडोद्याच्या मराठी घरांतून दर हिवाळ्यात कोणी ना कोणी मुलाकडे नाहीतर लेकीकडे मिनेसोटाला जातंच, आणि तिथे गोठलेल्या तळ्यावर मासे धरायचा बेत ठरला की मला फोन येतो, काका ते छोटे मासे गळाला लावायचे कसे. म्हणून सगळं एकदाच लिहितोय.

एक गोष्ट पक्की धरा, मिन्नो, म्हणजे आमिषाचा तो छोटा मासा, जिवंत आणि हलता पाहिजे, बाकी सगळं त्याच्यासाठी. थंड पाण्यात मोठा मासा सुस्त होतो, त्याचं अंग पाण्याइतकंच गार असतं, खाल्लेलं पचायला वेळ लागतो, त्यामुळे तो भक्ष्यामागे लांब पळत नाही. पण तोंडासमोर एखादं छोटं मासोळं धडपडताना दिसलं तर मात्र सोडत नाही.

बर्फ किती जाड आहे ते आधी बघा. चालत जायचं असेल तर स्वच्छ, कडक बर्फ कमीत कमी ४ इंच हवा, पांढरा दुधाळ असेल तर त्याच्या दुप्पट. सोबत जाणकार माणूस नसेल तर जाऊच नका.

आमिषाच्या दुकानात मिन्नोचे वेगवेगळे प्रकार असतात, गेलात की पहिल्यांदा फॅटहेड मागा, दोन-अडीच इंचाचे. हे चिवट असतात, नवख्या हाताला पुरतात. शायनर चकचकीत असतो आणि वॉलआय ह्या तिथल्या मोठ्या माशाला फार आवडतो पण नाजूक, लवकर मरतो. सकर मोठा असतो, तो नॉर्दर्न पाइक ह्या दातेरी शिकारी माशासाठी. क्रॅपी आणि पर्च हे त्यामानाने लहान मासे, त्यांना अगदी बारीक मिन्नो द्या.

आता बादली, कारण खरं नुकसान इथेच होतं. दुकानातलं पाणी थंड असतं, तुम्ही बादली गाडीत हीटरपाशी ठेवता, पाणी तापतं, गरम पाण्यात ऑक्सिजन कमी राहतो आणि वर तेच मिन्नो नंतर एकदम बर्फाखालच्या पाण्यात सोडले की त्यांना झटका बसतो, गळाला लावल्यावर नुसते लोंबत राहतात. म्हणून बादली थंडच ठेवायची, थर्माकोलच्या अस्तराची मिळते ती घ्या म्हणजे बाहेर लगेच गोठत पण नाही, वर साय धरल्यासारखा बर्फ आला की काढून टाकायचा. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप असेल तर उत्तम. पाणी बदलायची वेळ आली तर थोडं थोडं बदला. नळाचं पाणी सरळ ओतू नका, क्लोरीनने मरतात, ज्यांच्या घरी फिशटँक आहे त्यांना हे माहितीच असेल, तेच क्लोरीन मारायचं औषध इथे पण चालतं. आणि मिन्नो हाताने चाचपडत पकडू नका, छोटी जाळी ठेवा.

लावायची पद्धत गळ कसा वापरणार त्यावर आहे. दोरी एका जागी सोडून बसणार असाल तर गळ पाठीवरच्या पराच्या जरा मागे, कातडीखालून वरवर घालायचा, कणा तिथेच जरा खाली असतो, त्याला टोक लागलं तर मासा लुळा पडतो. असा लावलेला मिन्नो बराच वेळ पोहत राहतो. गळ लहान आणि बारीक तारेचा, वॉलआयला ६ किंवा ८ नंबर पुरतो, जाड गळाने मिन्नो फाटतो आणि वजनाने थकतो. जिग (शिशाचा गोळा बसवलेला गळ) वर-खाली हलवणार असाल तर दोन्ही ओठांतून, खालून वर. चमच्यासारखं चमकणारं स्पून वापरत असाल तर अख्खा मिन्नो नको, नुसतं डोकं चिमटून लावा, वास आणि चव तेवढ्याने येते. मिन्नो फारच शांत असेल तर शेपटीचा पर जरासा कातरतात, मग तो तोल सांभाळायला धडपडतो.

गळाच्या फूटभर वर दोरीला शिशाचा छोटा दाणा चिमटायचा, म्हणजे मिन्नो फिरेल पण वर पळून जाणार नाही. वजन सोडून तळ मोजून घ्या. बर्फाला लागून पाणी ० अंशाजवळ असतं, तळाशी साधारण ४ अंश, कारण पाणी ४ अंशाला सगळ्यात जड होतं. वॉलआय तळाजवळ फिरतो, त्याच्यासाठी तळापासून फूटभर वर ठेवा, पहाट-संध्याकाळ सोडू नका. क्रॅपी बऱ्याचदा मधल्या पाण्यात असतो आणि वर बघून खातो, त्याच्या थोडं वरतीच ठेवायचं, खाली गेलं की त्याला दिसत नाही.

मिनेसोटात हिवाळ्यात बर्फातून माणशी दोन दोऱ्या चालतात, त्याचा फायदा घ्या. एका भोकात स्पून हलवत राहा आणि जवळच्या दुसऱ्यात जिवंत मिन्नो शांत सोडा. स्पूनच्या चमकेने मासा जवळ येतो, बघतो, तोंड लावत नाही, आणि शेजारचा मिन्नो खाऊन टाकतो. माझ्या मते नवख्याला ह्यापेक्षा चांगली युक्ती नाही.

बॉबर, म्हणजे दोरीवरचा तरंगता गोळा, जेमतेम तरंगेल एवढाच लहान घ्या, म्हणजे माशाला ओढ जाणवत नाही. तो बुडाला की लगेच हिसका नको, दोरीतला ढिलेपणा गुंडाळा, वजन लागलं की ठाम वर उचला. पाइकचं उलटं, त्याच्यासाठी भोकावर टिप-अप (मासा लागला की झेंडी वर करणारं साधन) ठेवतात, झेंडी वर आली की पटकन जा, उशीर केला तर गळ पोटात जातो आणि मग सोडून द्यायचा मासा पण वाचत नाही. त्याचे दात दोरी कापतात, म्हणून गळाच्या वर दोरीऐवजी तारेचा तुकडा, म्हणजे लीडर, लावाच.

गाठी इथेच, बडोद्यात शिकून जा, आणि बर्फाच्या पाण्यात बोटं बुडवून बांधून बघा, तिथे उणे २० मध्ये हातमोजे काढले की बोटं ऐकत नाहीत.

परवाना काढा आणि नियम त्या त्या जागेचे वाचा. मिनेसोटात बाहेरच्या राज्यातून जिवंत मिन्नो आणता येत नाहीत, कॅनडात अल्बर्टात तर जिवंत मासा आमिष म्हणून लावायलाच बंदी आहे. उरलेले मिन्नो दया येऊन तळ्यात सोडू नका, त्यांच्याबरोबर रोग जातात आणि पाण्यातून उपद्रवी झेब्रा शिंपल्यांची न दिसणारी पिल्लं एका तळ्यातून दुसऱ्यात पोचतात. निघताना बादलीतलं तळ्याचं पाणी तिथेच ओता, मिन्नो ठेवायचे असतील तर घरून आणलेलं क्लोरीन काढलेलं पाणी भरा, नको असतील तर कचऱ्याच्या डब्यात.