वायूंची गणितं आणि द्रवांतली ओढ: या चुका टाळा

अकरावीच्या मुलाला 'पीव्ही = एनआरटी' हे वायूंचं सूत्र (दाब गुणिले आकारमान = मोलमध्ये मोजलेलं वायूचं प्रमाण गुणिले 'आर' हा स्थिरांक गुणिले तापमान) येत नाही असं सहसा होत नाही. सूत्र तोंडपाठ असतं, आकडेमोडही बरी असते, तरी उत्तर चुकतं. कारण चूक सूत्रात आकडे भरण्याआधीच झालेली असते. दाब कुणाचा, तापमान कुठल्या शून्यापासून मोजलेलं, आणि भांड्यात आहे तो खरोखर वायूच आहे का, हे कुणी बघितलेलं नसतं.

शून्य कुठे आहे ते आधी बघा

तापमान केल्विनमध्ये बदलायचं (सेल्सिअसमध्ये २७३ मिळवायचे) हे सगळ्यांना माहीत असतं. तरी 'तापमान २७ अंशांवरून ५४ अंशांवर नेलं' असं वाचलं की हात आपसूक आकारमान दुप्पट करतो. प्रत्यक्षात ३०० केल्विनचे ३२७ झाले. दाब तोच असेल तर आकारमान वाढलं फक्त ९ टक्के.

दाबालाही असंच फसवं शून्य असतं, आणि त्याकडे फारसं कुणी लक्ष वेधत नाही. हवा भरण्याच्या पंपावरचा काटा बाहेरच्या हवेपेक्षा आत किती जास्त दाब आहे तेवढंच सांगतो. पंक्चर होऊन सपाट झालेल्या टायरच्या आतही एक वातावरण दाब असतोच, काटा मात्र शून्यावर. समजा, सकाळी २७ अंशांना काटा ३० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) दाखवतो आणि हायवेवर धावून आतली हवा ५७ अंशांवर गेली. ३० ला थेट ३३०/३०० ने गुणलं तर ३३ येतात, आणि ते चूक आहे. आधी वातावरणाचा दाब मिळवा: ३० + १४.७ = ४४.७. त्याला १.१ ने गुणा, ४९.२ येतात. पुन्हा १४.७ वजा करा, काटा ३४.५ वर असेल. म्हणूनच हवा टायर गार असताना तपासायची. तापलेल्या टायरमधली 'जास्तीची' हवा सोडली की दुसऱ्या दिवशी सकाळी तो कमी भरलेला निघतो.

'आर'ची किंमत एककांवरून ठरते. लिटर आणि अ‍ॅटमॉस्फिअर असेल तर ०.०८२१, लिटर आणि बार असेल तर ०.०८३१, घनमीटर आणि पास्कल असेल तर ८.३१४. लिटर आणि किलोपास्कल घेतले तरी ८.३१४ च चालतो. एवढं लक्षात ठेवलं तरी बरीच खाडाखोड वाचते.

पाण्यावर गोळा केलेला वायू कोरडा नसतो

प्रयोगशाळेत सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. मॅग्नेशिअमच्या फितीवर विरल हायड्रोक्लोरिक आम्लाची क्रिया करायची, निघालेला हायड्रोजन पाण्यावर गोळा करायचा आणि त्याच्या आकारमानावरून फितीचं वस्तुमान काढायचं. समजा प्रयोग पुण्यात चालला आहे. शहर समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर, त्यामुळे वायुदाबमापी ७६० नव्हे, ७१२ मिमी पारा दाखवतो. पाणी २७ अंशांवर, वायू ५०.० मिलि.

या तापमानाला पाण्याचा बाष्पदाब, म्हणजे पाण्यावर साठलेल्या त्याच्याच वाफेचा दाब, २६.७ मिमी असतो. नळीतल्या दाबात तो वाटा वाफेचा, हायड्रोजनचा नाही. म्हणजे हायड्रोजनचा दाब ६८५.३ मिमी आणि मॅग्नेशिअम ४४.५ मिलिग्रॅम. आता एकेक चूक करून बघा. बाष्पदाब वजा केला नाही तर उत्तर ४६.२. दाबही सवयीने ७६० धरला तर ४९.४. आणि तापमान-दाब न बघता थेट २२.४ लिटरने (एक मोल वायूचं पाठ केलेलं आकारमान) भागलं तर ५४.३ मिलिग्रॅम, म्हणजे २२ टक्के जास्त. फीत तीच, वायू तोच.

याउलट उत्तर अपेक्षेपेक्षा कमी आलं, तर फितीवरचा राखाडी थर पॉलिश पेपरने घासला होता का ते बघा. तो थर ऑक्साइडचा असतो. त्याचं वजन भरतं, पण त्यातून हायड्रोजन निघत नाही. क्रियेत उष्णता बाहेर पडते, म्हणून वायू खोलीच्या तापमानाला येईपर्यंत दहा मिनिटं थांबून मग वाचन घ्या. वाचन घेताना नळी वरखाली करून आतली आणि बाहेरची पाण्याची पातळी एक करा. आतलं पाणी १० सेंमी वर राहिलं तर आतला दाब ७.४ मिमी पाऱ्याने कमी असतो, कारण १३.६ मिमी पाणी म्हणजे १ मिमी पारा.

२२.४ बद्दल आणखी एक. तो आकडा शून्य अंश आणि १ अ‍ॅटमॉस्फिअरचा. आययूपॅक या रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९८२ मध्ये प्रमाण दाब १ बार केला, तेव्हापासून तो २२.७ लिटर झाला. प्रश्नात कुठला दाब दिला आहे ते वाचून मगच आकडा उचला.

गॅसच्या टाकीत बहुतेक द्रवच असतो

घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो एलपीजी असतो आणि टाकीत पाणी भरलं तर ३३.३ लिटर मावतं. सगळा ब्युटेन धरला तर सुमारे २४५ मोल. आता २७ अंशांना सूत्र लावा, दाब येतो १८३ बार! स्वयंपाकघरात असलं काही कुणी ठेवणार नाही. प्रत्यक्ष दाब मोजक्या काही बारचा असतो, कारण आत द्रव आहे आणि त्यावर त्याची वाफ. सूत्र लावायचं ते फक्त वरच्या वाफेला.

'द्रव जास्त तर बाष्पदाब जास्त' या समजुतीवर हीच टाकी उतारा आहे. बाष्पदाब ठरतो तापमानावरून आणि द्रव कुठला आहे यावरून. तो किती आहे किंवा भांडं किती रुंद आहे याचा संबंध नाही. म्हणून टाकी अर्धी झाली तरी दाब जवळजवळ तेवढाच राहतो आणि किती गॅस उरला हे दाबावरून कळत नाही. वजन करून टाकीवर कोरलेलं रिकाम्या टाकीचं वजन वजा करणं हाच खात्रीचा मार्ग. ऑक्सिजनच्या सिलिंडरचं उलट आहे. ऑक्सिजन उणे ११८ अंशांच्या वर कितीही दाबला तरी द्रव होत नाही, आत निव्वळ वायू असतो, आणि काटा निम्म्यावर आला की खरंच निम्मा उरलेला असतो.

टाकी कधीही आडवी करू नका. मग रेग्युलेटरमधून वाफेऐवजी द्रव बाहेर येतो.

उकळताना काय तुटतं

'पाणी उकळताना बुडबुड्यांत काय असतं?' या प्रश्नाला हायड्रोजन आणि ऑक्सिजन हे उत्तर अजूनही येतं. बुडबुड्यांत वाफ असते. एक मोल पाणी १०० अंशांना वाफ करायला ४०.७ किलोज्यूल लागतात. त्याच पाण्याच्या रेणूंमधले सहसंयुज बंध तोडायचे तर नऊशेहून जास्त. शेगडीवर तुटते ती रेणूरेणूंमधली ओढ, रेणू नाही.

हायड्रोजन बंध म्हणजे रेणूरेणूंमधली एक जास्त बळकट ओढ. त्याबाबत ठरलेली चूक म्हणजे सूत्रात हायड्रोजन आणि ऑक्सिजन दोन्ही दिसले की बंध जाहीर करणं. हायड्रोजन थेट नायट्रोजन, ऑक्सिजन किंवा फ्लोरिनलाच जोडलेला हवा. इथेनॉल आणि डायमिथिल ईथर यांचं रेणुसूत्र एकच, रेणुवस्तुमान ४६. इथेनॉल ७८ अंशांना उकळतं, ईथर उणे २५ ला. ईथरमधले सगळे हायड्रोजन कार्बनला चिकटलेले आहेत.

दुसरी चूक याहून चिवट आहे: 'लंडन बल (इलेक्ट्रॉनांच्या क्षणिक हालचालीतून येणारी ओढ) सगळ्यात दुबळं, म्हणून ध्रुवीय (रेणूचं एक टोक किंचित धन, दुसरं किंचित ऋण असलेल्या) पदार्थाचा उत्कलनबिंदू जास्त.' ही तुलना सारख्या आकाराच्या रेणूंपुरतीच खरी. क्लोरोफॉर्म ध्रुवीय, उकळतं ६१ अंशांना. कार्बन टेट्राक्लोराइड अध्रुवीय, तरी ७७ ला. हायड्रोजन क्लोराइडकडून आयोडाइडकडे जाताना ध्रुवीयता घटते, पण उत्कलनबिंदू उणे ८५ वरून उणे ३५ वर चढतो. इलेक्ट्रॉन वाढले की लंडन बल वाढतं, आणि मोठ्या रेणूत तेच भारी पडतं.

याचा पुरावा पुन्हा टाकीतच आहे. प्रोपेन आणि ब्युटेन, दोघांतही सांगण्यासारखी ध्रुवीयता नाही, फरक एका कार्बनचा. तेवढ्यावर प्रोपेन उणे ४२ ला उकळतो आणि ब्युटेन उणे ०.५ ला. शेगडी पेटली की प्रोपेन जास्त वेगाने निघून जातो, शेवटी उरलेल्या द्रवात ब्युटेनचा वाटा वाढतो आणि बाष्पदाब उतरतो. त्यात वाफ होताना द्रव स्वतःची उष्णता देऊन गार पडतो, कधीकधी टाकीच्या खालच्या भागावर दंव धरतं. कडाक्याच्या थंडीत संपत आलेल्या टाकीची ज्योत मंद होते ती यामुळे. अशा वेळी टाकीवर उकळतं पाणी ओतू नका. ती उबदार खोलीत उभी ठेवली तरी ज्योत सावरते.