जपानी महिला कुस्तीला उतरती कळा का लागली? नव्याने अभ्यासाला बसणाऱ्यांसाठी

जपानी शिकणारी आपली मुलं प्रकल्पासाठी विषय शोधतात तेव्हा ॲनिमे, हायकू आणि चहाच्या विधीपलीकडे फारशी जात नाहीत. मी महिलांची व्यावसायिक कुस्ती आणि तिची पडझड हा विषय घेतला, आणि तो अजून सुटलेला नाही. कोणाला या वाटेने यायचं असेल तर थोडं सांगते.

या लढतींचे निकाल आधी ठरलेले असतात, म्हणून काहीजण नाक मुरडतात. मुरडू द्या. मानेवर आपटणं खरं असतं आणि मोडलेलं हाडही खरंच असतं.

जुन्या चित्रफिती बघताना नजर रिंगवरून काढून अधूनमधून खुर्च्यांकडे न्या. २८ ऑगस्ट १९८५ची ओसाकाची लढत घ्या. चिगुसा नागायो विरुद्ध खलनायिका डंप मात्सुमोतो; हरेल तिचं मुंडण. चिगुसा हरली आणि रिंगमध्येच तिच्या डोक्यावरून यंत्र फिरलं. तेव्हा प्रेक्षकांत बघा. शाळकरी मुली, रांगाच्या रांगा, हुंदके देऊन रडताहेत. चिगुसा आणि लायनेस आसुका यांची ‘क्रश गॅल्स’ ही जोडी कुस्तीही खेळायची आणि गाणीही गायची. फुजी टीव्हीमुळे ती घरोघरी पोचली होती आणि कुस्तीगीर व्हायला हजारो मुली अर्ज करत होत्या.

हा सगळा डोलारा ‘झेनजो’ या संस्थेचा. मात्सुनागा बंधूंनी ती १९६८ मध्ये काढली. तिथे दारू, सिगारेट आणि पुरुष वर्ज्य, आणि पंचविशी आली की निवृत्ती, असा दंडक होता. मालकांच्या दृष्टीने हिशेब सरळ होता: प्रेक्षक मुली, तर रिंगमध्येही त्यांच्याच वयाच्या ताया हव्यात. सत्तरच्या दशकातली ‘ब्यूटी पेअर’ अशीच संपली. १९७९ मध्ये जॅकी सातो आणि माकी उएदा यांना एकमेकींविरुद्ध उतरवलं, हरणारीने कुस्ती सोडायची या अटीवर. माकी हरली, गेली. हे वाचून मला अजूनही राग येतो. ज्या मुलींच्या जिवावर तिकिटं खपली, त्यांना ऐन उमेदीत घरी पाठवायचं!

पुढची जोडी सापडत होती तोवर ही पद्धत चालली. १९८९ मध्ये चिगुसा आणि आसुका दोघीही निवृत्त झाल्या, तेव्हा खुर्च्यांवरच्या मुलीही उठून गेल्या. उतरणीची कथा बरेचजण १९९७ पासून, म्हणजे झेनजोत पगार थकले तेव्हापासून, सांगतात. माझं मत वेगळं आहे: ती इथे सुरू झाली.

नव्वदच्या दशकात कुस्तीचा दर्जा मात्र कळसाला पोचला. मानामी तोयोता, आजा काँग, बुल नाकानो, आकिरा होकुतो ही नावं शोधा आणि मनसोक्त बघा. प्रेक्षक आता मुख्यतः कुस्तीवेडे पुरुष होते. त्यांना वेगवेगळ्या संस्थांच्या कुस्तीगीर एकमेकींशी भिडलेल्या हव्या होत्या, आणि १९९३ पासून ते मिळालंही. २० नोव्हेंबर १९९४ला टोकियो डोम या भल्यामोठ्या स्टेडियममध्ये २३ लढतींचा कार्यक्रम झाला. तो जवळपास दहा तास चालला; शेवटची गाडी पकडायला लोकांना मधेच उठावं लागलं. वर्षभराचं धान्य एकाच पंगतीत वाढून टाकावं तसं झालं. त्यानंतर याहून मोठं विकायला काही उरलं नाही, आणि नव्या मुलीही पूर्वीसारख्या येईनात. त्यातच झेनजोच्या मालकांनी जमिनी आणि रेस्टॉरंटांत घातलेला पैसा बुडाला. १९९७ मध्ये पगार थकले, कुस्तीगीर बाहेर पडल्या, त्यांनी आपापल्या संस्था काढल्या आणि उरलासुरला प्रेक्षक वाटला गेला. एप्रिल २००५ मध्ये झेनजो आणि चिगुसाने स्वतः उभी केलेली ‘गाएआ’ ही संस्था, दोन्ही बंद झाल्या.

साधनांबद्दल. टोकियोत हाचिमानयामा इथे ओया सोइची बुन्को हे मासिकांचं ग्रंथालय आहे. तिथली सूची व्यक्ती आणि विषयांनुसार लावलेली असल्यामुळे एका कुस्तीगिराच्या नावावरून अनेक वर्षांचे लेख हाती लागतात. ‘शुकान पुरोरेसु’ या कुस्ती-साप्ताहिकाचे जुने अंकही जमवा. रिंगमधल्या नावांचे उच्चार कांजीवरून (जपानीतल्या चिनी चित्राक्षरांवरून) ओळखता येतीलच असं नाही, म्हणून पहिल्या दिवसापासून स्वतःची नावांची वही ठेवा. गर्दीचे आकडे आयोजकच जाहीर करत. ते उतरवून घेताना शेजारी तसं लिहायला विसरू नका.

आणि २००५ला थांबू नका. गाएआच्या पहिल्याच कार्यक्रमात, १९९५ मध्ये, पंधराव्या वर्षी उतरलेली मेइको सातोमुरा पुढे ‘सेंदाई गर्ल्स’ ही संस्था चालवत राहिली आणि २९ एप्रिल २०२५ला निवृत्त झाली. २०११ मध्ये सुरू झालेली ‘स्टारडम’ ही महिला कुस्तीची संस्था २०१९ मध्ये बुशिरोड कंपनीने घेतली. कुस्ती टिकली आहे. टीव्हीवरची ती जागा आणि त्या शाळकरी मुली परतल्या नाहीत. त्या का परतल्या नाहीत, हा प्रश्न प्रबंधासाठी घ्यावा असं मला मनापासून वाटतं. ओसाकात रडलेल्या मुली आज पन्नाशीच्या पुढे आहेत. जपानला जायची संधी मिळाली, तर आधी त्यांना गाठा आणि भरपूर बोलू द्या.